मागच्या खोलीतला चहा

डॉक्टर, तुम्ही मला कधी पत्र लिहिलं नाहीत, आणि लिहिलं असतंत तरी मला ते वाचता आलं नसतं, तेव्हा त्या बाबतीत आपली फिट्टंफाट. आज मीच लिहिते आहे. म्हणजे मी बोलते आहे आणि नात लिहिते आहे. मी बोलते मालवणीत, ही लिहिते शाळेतल्या भाषेत. दोनदा म्हटलं, "जसा बोलतंय तसाच लिही गो," तर म्हणते, "आजी, तुझे डॉक्टर घाटावरचे होते ना? त्यांना कळायला नको?" मेलेल्या माणसाला काय कळतं आणि काय नाही, ते हिला कॉलेजात शिकवत असतील. असो. आम्ही मागच्या पडवीत बसलो आहोत, हिची आई आचऱ्याच्या तिठ्यावर नारळ द्यायला गेली आहे, बाप मालवणात दुकानावर आहे. तासभर तरी घरात कुणी नाही. एवढा वेळ मिळायला मला पंधरा दिवस थांबावं लागलं.

पहिली बातमी ऐका. मी आता डॉक्टरांना शिकवते. हसू नका. तुमच्या दवाखान्यात कप धुणारी बाई आता खुर्चीत बसते आणि पांढऱ्या कोटातली मुलं तिच्यापुढे घाम पुसत उभी राहतात. जिल्ह्यात मेडिकल कॉलेज झालंय. मुलं लातूरकडची, नागपूरकडची, मुंबईची. पुस्तकातलं सगळं त्यांना येतं, पण समोर आमच्यासारखी म्हातारी बसली की त्यांची वाचा जाते. म्हणून त्यांच्या मॅडमनी, माझ्या सुनेच्या वयाच्या असतील, गावागावांतून बोलक्या म्हाताऱ्या गोळा केल्या. आमच्या आशाताईनं माझं नाव दिलं. सून म्हणाली, "आमच्या आईंका बोलूक शिकवूचा लागूचा नाय, गप कसा ऱ्हवायचा ता कोणी शिकवल्यान तर बघा." एक गुरुवार सोडून दुसऱ्या गुरुवारी देवळापाशी जीप येते, मला घेऊन जाते, आणि तिथे मी मॅडम सांगतील तो आजार घेऊन बसते. एका गुरुवारी माझे गुडघे जातात, पुढच्या गुरुवारी मला डायबेटीस होतो. एकदा तर माझा नवरा दारू पिऊन मारतो असं ठरलं होतं. मी म्हटलं, "मॅडम, ह्यो आजार माका नको. माझो घोव देवमाणूस होतो. वर गेल्यार त्येका काय तोंड दाखवू?" मग तो आजार पेंडूरच्या एका आजींना दिला. त्यांनी तो इतका छान केला की मला वाटलं, ह्या घरूनच तयारी करून आल्या असाव्यात.

पहिल्या दिवशी जो मुलगा आला, तो दारातच उभा राहून कागदात बघत म्हणाला, "मावशी, तुमची तक्रार काय आहे?" मी म्हटलं, "सून." वर्ग हसला, मुलगा लाल झाला, मॅडमनी मात्र हसू दाबून सांगितलं, "आधी बस. मग विचार. आणि तिचं उत्तर खरं धर." अशा त्या मॅडम आहेत. खुर्ची जवळ घ्यायला लावतात, फोन उलटा ठेवायला लावतात, नाव विचारल्याशिवाय नाडी धरू देत नाहीत. आणि सगळ्यात कठीण, माणूस बोलायचा थांबला तरी आपण लगेच बोलायचं नाही, गप्प बसायचं. हे कुणालाच जमत नाही. एक मुलगा तर मनात आकडे मोजतो, त्याचे ओठ हलताना मला दिसतात. मी मुद्दाम त्याचे दहा होईपर्यंत गप्प राहते आणि त्यानं तोंड उघडलं की मीही उघडते. बिचारा पुन्हा एकपासून सुरू करतो.

तुम्हाला हे सगळं नवल वाटेल. तुम्ही मला हे कधी शिकवलं नाहीत. तुम्ही मला सुया उकळायला शिकवलंत, पट्टी गुंडाळायला शिकवलंत, गोळीच्या रंगावरून औषध ओळखायला शिकवलंत, कारण अक्षर मला येत नव्हतं आणि शिकवायला तुम्हाला वेळ नव्हता. बाहेर ओटी, मध्ये तुमची खोली, मागे माझी. तुम्ही सांगायचात, "दिवसातून तीनदा जेवणानंतर," आणि मी पेशंटला बाहेर गाठून सांगायचे, "पेज घेतल्यार एक, दुपारचा खाल्ल्यार एक, आणि रातची एक, जेवान नसला तरी कायतरी तोंडात घाल." तुमच्या नावावर अर्धं औषध मी दिलंय डॉक्टर. ते चालायचं तुम्हाला. वाईट बातमी तेवढी चालायची नाही.

त्यासाठी तुमचा चहा होता. एरवी दवाखान्यात कुणाला पाणीसुद्धा मागावं लागे. पण तपासता तपासता तुमचा हात थांबला, तुम्ही कानातली नळी काढलीत आणि माझ्याकडे न बघता म्हणालात, "बाई, चहा टाका," की मी समजायचे. पेशंटला उठवायचं, "चला, वायच चाय घेवया," म्हणत मागच्या खोलीत न्यायचं, स्टुलावर बसवायचं, स्टोव्ह पेटवायचा आणि किटली चढवायची. तोवर तुम्ही त्याच्या मुलाला, भावाला, जो कुणी बरोबर आला असेल त्याला ओटीवर घ्यायचात. मी बांगडा किती आला, कुणाच्या जाळ्यात काय सापडलं, असं काहीबाही बोलत राहायचे. माझ्या खिडकीतून त्या माणसांच्या पाठी दिसायच्या. पाठ कशी खाली जाते ते मी जितकं बघितलंय तितकं तुम्हीही बघितलं नसेल, तुम्ही तर समोर उभे राहून जमिनीकडे बघायचात. दोन कप लागायचे. एका कपात माणूस ऐकून घेतो, दुसऱ्या कपात तोंड पुसतो. मग तुम्ही नळावर हात धुवायचात, खूप वेळ, साबण लावून लावून, काही लागलेलं नसताना. नळ बंद झाला की मी पेशंटला बाहेर आणून द्यायचे. आणि तो मुलगा हसून म्हणायचा, "काय नाय गो आवशी, गॅस झालो हा."

एक गोष्ट तुम्हाला कुणी कधी सांगितली नाही, आज सांगते. चार-पाच वर्षांत सगळ्या गावाला कळलं होतं. "त्येका डॉक्टरान चाय दिल्यान," असं म्हटलं की बाया डोक्यावरचा पदर सारखा करायच्या. एक म्हातारा नुसता तापानं आला होता, मी त्याच्यासमोरून किटली घेऊन गेले तर तो मला हात जोडून म्हणाला, "बाय, माका चाय नको हां, माका पाणी दी." पेशंटला माहीत, घरच्यांना माहीत, मला माहीत. माहीत नव्हतं ते फक्त तुम्हाला. तुम्हाला वाटायचं, केवढं लपवलं आपण. आणि आम्ही तुमची समजूत मोडायची नाही म्हणून चहा पीत राहिलो.

एकदाच मी ती समजूत मोडली. ती मासळी विकणारी, जिचा आवाज देवळापासून ऐकू यायचा, तिला तुम्ही चहा दिलात. तिनं कप हातात घेतला, प्यायली नाही. म्हणाली, "बाय, तू माका खोटा सांगू नको. किती दिस?" मी स्टोव्हची वात बारीक केली आणि सांगितलं, ऐकलं होतं तेवढं सगळं. ती रडली नाही. "बरा झाला सांगलंस," म्हणाली आणि कप उचलून संपवला. दुसऱ्या दिवशी तिनं देवगडला भावाकडे निरोप धाडला, तिथं तिची धाकटी बहीण होती, एका कलमाच्या झाडावरून दोघी बारा वर्षं बोलत नव्हत्या. बहीण आली ती राहिलीच. मी जायचे तेव्हा दोघी अंगणात मासे सुकवत बसलेल्या असायच्या, भांडत. एकदा मला म्हणाली, "बघ गो, बारा वर्सांचा भांडाण तीन म्हयन्यांत उरकूचा हा, वेळच पुरणा नाय." पण तिच्या मुलांना कळलं, मीच सांगितलं म्हणून. ते तुमच्याकडे आले. तुम्ही मला मधल्या खोलीत बोलावलंत, पेशंट बसलेले असताना. म्हणालात, "बाई, औषध मी देतो. तुम्ही कप धुवायचे." आठ दिवस तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत. मी कप धुतले. त्या बहिणी अंगणात बसलेल्या तुम्ही बघायला हव्या होत्या, असं तेव्हा मनात आलं होतं, पण कप धुणाऱ्या बाईनं असं बोलायचं नसतं.

म्हणून हिच्या आजोबांच्या वेळी मी गप्प राहिले. ते होडीवर जायचे, पोटात दुखतं म्हणून दोन महिने अंगावर काढलं, मीच ओढून तुमच्याकडे आणलं. तुमचा हात थांबला. नळी काढलीत. आणि सवयीनं म्हणालात, "बाई, चहा टाका." मीही सवयीनं उठले. स्टोव्ह पेटवला, किटली चढवली, ह्यांना स्टुलावर बसवलं. मग तुम्ही दारात आलात, मला बाहेर बोलावलंत, तेव्हा माझ्या ध्यानात आलं की ओटीवर दुसरं कुणी नाही. मीच घरची. ते आत एकटे बसले, उकळलेला चहा स्वतःच ओतून घेतला, आणि मी ओटीवर उभी राहून तुमच्या चपलांकडे बघत ऐकलं. खिडकीतून माझी पाठ त्यांना दिसत असणार. तुम्ही म्हणालात, "त्यांना काही कळू देऊ नका. हिंमत सोडतील." नळ सोडलात. मी तोंड पुसलं, आत जाऊन म्हटलं, "काय नाय, गॅस झालो हा."

त्यापुढचे साडेचार महिने कसे गेले ते तुम्हाला ठाऊक नाही, तुम्ही इंजेक्शन देऊन निघून जायचात. आमचं घर तेव्हा दोन खोल्यांचं, आणि त्या दोन खोल्यांत मला तोंड ठेवायला जागा नव्हती. मी त्यांना माशाचा मधला तुकडा वाढायला लागले, तर ते ताटाकडे बघत म्हणायचे, "आज काय सण आसा काय?" मी म्हणायचे, "सवंग गावली." पाऊस संपला की होडी रंगवायची, असं ते म्हणाले. मी हो म्हटलं. त्यांनी निळा रंग आणला, मी डबा धरला, होडीच्या एका बाजूला दोन हात देऊन झाले, दुसऱ्या बाजूला ते दमले. "ही बाजू फुडल्या म्हयन्यात," म्हणाले. मी म्हटलं, "होय तर." काही म्हणता काही बोलता येत नव्हतं, डॉक्टर. आमच्या लग्नातल्या पावसाची गोष्टसुद्धा काढता येत नव्हती, काढली तर वाटेल आता का काढते ही. ते गेले तेव्हा होडी एका अंगानं निळी होती. लोक विचारायचे, त्यांना कळलं होतं काय गो? मी सांगायचे, नाही, शेवटपर्यंत काही कळू दिलं नाही. लोक म्हणायचे, धन्य तुझी. पंचवीस-तीस वर्षं मी हेच सांगत आले.

तुम्ही दवाखाना बंद करून घाटावर मुलाकडे निघालात तेव्हा सगळी भांडी वाटलीत आणि मला ती किटली दिलीत. "आठवण म्हणून," म्हणालात. तुमचे डोळे भरले होते, त्यामुळे मला हसता आलं नाही. ती किटली आमच्या फळीवर आहे. तिच्यात मी एकदाही चहा केला नाही. हिच्या आईनं एकदा काढली होती, तर माझ्या मुलानं, तो तेव्हा केवढा मोठा झाला होता, तिच्या हातातून घेतली आणि परत ठेवली. तो ह्याच गावात वाढला आहे.

आता जरा सावकाश लिही गो, असं मी हिला सांगते आहे, कारण पुढचं हिलाही नवीन आहे.

महिन्यापूर्वी मला मोठ्या हॉस्पिटलात नेलं. डाव्या बरगडीखाली दुखत होतं, जेवण जात नव्हतं. आधी एकदा जाऊन सगळं काढून आलो होतो, रक्त, फोटो, काय काय. त्या दिवशी रिपोर्ट मिळायचे होते. डॉक्टरच्या दारापाशी पोचलो, मुलगा आत डोकावून आला, आणि सून माझा दंड धरून म्हणाली, "आई, आपण खाली कॅन्टीनमध्ये चहा घेवया. हे रिपोर्ट घेवन येतत."

डॉक्टर, कागदाचा कप होता. हाताला चटके बसत होते. सून मला विचारत होती, घरी गेल्यावर आमटी करू की तिखलं, आणि तिचा आवाज असा बारीक, गोड, की मला माझाच आवाज ऐकू आला, बांगडा किती आला ते सांगणारा. तिनं तो कुठून शिकला? कुणी शिकवत नाही, तो येतोच. मी पहिला कप संपवला. जिन्याकडे बघितलं, मुलगा आला नव्हता. म्हटलं, "सूनबाई, आणि एक चाय सांग." तिला वाटलं मला तलफ आली. अगं, त्या पोराला तोंड पुसायला वेळ नको? दुसरा कप मी थेंबाथेंबानं प्यायले. तो खाली आला तेव्हा त्याचं तोंड ओलं होतं, केसांना पाणी लागलेलं. हसून म्हणाला, "काय नाय गो आई. वायच सूज आसा, गोळये दिल्यानी."

तेव्हापासून मी राणी आहे. सुरमईचा मधला तुकडा माझ्या ताटात पडतो. सून बावीस वर्षांत मला एका शब्दाला दोन शब्द देत आली, आता मी काही बोलले तर "होय आई". मला भांडायला माणूस उरलं नाही. खरं म्हणजे मला भांडायचं नाही आहे. मला तिला सांगायचं आहे, की तू आलीस तेव्हा मी तुला फार छळलं, तुझ्या माहेरच्या वालीच्या भाजीला नावं ठेवली, आणि ती भाजी चांगली होती. मला तिच्याशी त्या दोन बहिणींसारखं बसायचं आहे, मासे सुकवत, जे काय तीन महिने, सहा महिने असतील तेवढे. पण मी एक शब्द गोड बोलले की तिला कळेल, हिला कळलंय. मग ती रडेल, मुलगा कोसळेल, त्यांनी एवढं जपून रचलेलं सगळं माझ्यामुळे पडेल. म्हणून मी काय करते माहीत आहे? मी रोज तिला बोलते. आमटीत मीठ जास्त. अंगण नीट झाडलं नाहीस. ती "होय आई" म्हणते आणि आत जाऊन डोळे पुसते, आणि मी बाहेर बसून पुढचं काय बोलायचं ते शोधते. अशी आम्ही दोघी एकमेकींना सांभाळतो.

मागच्या गुरुवारी मॅडमनी नवीन आजार दिला. वाईट बातमी कशी सांगायची त्याचा धडा. मला वाचता येत नाही म्हणून त्या माझा भाग मला दोनदा बोलून दाखवतात. मी एक म्हातारी, पोटात गाठ, रिपोर्ट खराब. शिकणारी एक मुलगी विचारेल, किती जाणून घ्यायचंय. मी म्हणायचं, माझ्या मुलाला सांगा, मला काही कळत नाही. मग तिनं मला हळूच बोलतं करायचं. मॅडमना माझ्याबद्दल काहीच ठाऊक नव्हतं, त्यांचा दोष नाही. नाही म्हणता आलं असतं. मी बसले.

मुलगी लातूरकडची, हडकुळी, कोट तिला दोन बोटं मोठा. तिनं खुर्ची जवळ घेतली, फोन उलटा ठेवला, माझं नाव विचारलं. मग म्हणाली, "आजी, तुमचे रिपोर्ट माझ्याकडे आहेत. तुम्हाला त्यातलं किती जाणून घ्यायचंय? मी सगळं तुम्हाला सांगू, की तुमच्या घरच्यांना सांगू? तुम्ही म्हणाल तसं."

इतकी वर्षं जगले मी. शेकडो माणसांना चहा पाजला. हे कुणी कुणाला विचारलेलं मी ऐकलं नव्हतं, आणि मला तर कधीच कुणी विचारलं नव्हतं. तुम्ही म्हणाल तसं. मला माझं वाक्य पाठ होतं, ते घशापर्यंत आलं, आणि बाहेर दुसरंच पडलं. "माका सांग," मी म्हटलं. "सगळा सांग. कोणाक बाहेर बोलवू नको."

मुलगी गडबडली. कागदात हे नव्हतं. तिनं मॅडमकडे बघितलं नाही, एवढं तिचं कौतुक. तिनं मला सांगितलं, कागदावरच्या त्या दुसऱ्या म्हातारीचा आजार, तुकड्यातुकड्यानं, साध्या शब्दांत, आणि मग ती गप्प बसली. खरी गप्प. आकडे मोजत नव्हती. आणि मी तिच्यापुढे रडले, डॉक्टर. हिच्या आजोबांच्या वेळी रडले नव्हते ते, त्या मासळीवालीच्या वेळचं, सगळं. दुसऱ्या कुणाच्या तरी रिपोर्टवर मी माझं रडून घेतलं. संपलं तेव्हा वर्गानं टाळ्या वाजवल्या. मॅडम म्हणाल्या, "आजी, आज तर कमाल केलीत." पेंडूरच्या आजींचं तोंड उतरलं होतं.

जीपपाशी ती मुलगी धावत आली. हळूच म्हणाली, "आजी, खरंच काही आहे का?" विचारलं आणि परत गप्प राहिली, शिकवल्यासारखी. दार सताड उघडं होतं. आणि मी काय म्हटलं? म्हटलं, "तुका पैकीच्या पैकी मार्क. जा, जेव जा. हडकां बघ तुझी."

इथे हिचं पेन थांबलं. पुढचं मी हिला नंतर पुन्हा सांगून लिहून घेते आहे. हिनं वही मांडीवर उपडी ठेवली. मग म्हणाली, "आजी, तुला कधीपासून माहितीय?"

"दुसऱ्या कपापासून," मी म्हटलं. "आणि तुका?"

"पप्पांनी त्याच रात्री सांगितलं." मग रडायला लागली. मी तिला जवळ घेतली. मला वाटलं, चला, घरात एक तरी भिंत पडली. तर ही डोळे पुसून मलाच म्हणते, "आजी, तू पप्पांना सांगू नको हां, तुला माहितीय ते. ते मोडतील. मम्मीला पण नको. प्रॉमिस कर."

केलं प्रॉमिस. काय करणार? आता चहाच्या त्या मागच्या खोलीत दोघी आहोत, एवढाच फरक. पोर माझ्याकडे बघून हसते, मी तिच्याकडे बघून हसते. तुम्ही असतात तर आणखी एक कप ठेवा म्हणाला असतात.

ह्या पत्राचं काय करायचं ते मी ठरवलंय. तुमचा पत्ता माझ्याकडे नाही आणि पोस्टमन तिथवर जात नाही. हे घडी करून किटलीत घालायचं आणि झाकण लावायचं. कधी कुणाला वाटलंच त्या किटलीत चहा टाकावा, तर त्याला आधी हे बाहेर काढावं लागेल. मनात असं होतं, की एखाद्या सकाळी मीच ती खाली काढीन, घासीन, चहा टाकीन आणि मुलाच्या, सुनेच्या हातात कप देईन. बोलावं लागणारच नाही. माझा मुलगा ती किटली बघूनच समजेल. ह्या पंधरा दिवसांत मी ती तीनदा काढली, तीनदा घासली, आणि तीनदा परत ठेवली. इतकी चकचकीत ती तुमच्याकडे कधी नव्हती.

एक सांगायचं राहिलं. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. होडीची एक बाजू रंगवून झाली त्या संध्याकाळी हिचे आजोबा चुलीपाशी चहासाठी बसले होते. हातांना निळा रंग तसाच. मला म्हणाले, "डॉक्टराकडच्या त्या चायत साखर कमी होती गो." म्हणाले आणि माझ्याकडे बघत राहिले. त्यांना माहीत होतं, डॉक्टर. त्या स्टुलावर बसल्यापासून माहीत होतं. ते मला दार उघडून देत होते, आणि मी ते त्याच क्षणी ओळखलं. ओळखून मी साखरेच्या डब्याकडे हात नेला आणि म्हटलं, "आता घालतंय वायच." त्यांनी चहा घेतला. पुन्हा कधी काही बोलले नाहीत.

आज सकाळी सुनेनं मला चहा आणून दिला. गेली नाही, खांबाला धरून उभी राहिली.  मग म्हणाली, "आई, साखर बरी पडली मां?"

मी म्हटलं, "बरी आसा."